मातीच्या भिंती, वाहता पाट

वसईचा किल्ला किंवा रेवदंड्याचा कोट ज्यांनी पाहिला असेल, त्यांच्या डोळ्यांसमोर छप्पर गेलेली, भिंतींतून झाडे उगवलेली पोर्तुगीजांची पडकी चर्चे लगेच उभी राहतील. या पोर्तुगीजांचे शेजारी म्हणजे स्पॅनिश लोक. १५८० ते १६४० अशी साठ वर्षे तर या दोन्ही देशांवर एकच राजा राज्य करीत होता. पोर्तुगीज आफ्रिकेला वळसा घालून आपल्या किनाऱ्याला लागले, तर स्पॅनिश समुद्र ओलांडून अमेरिकेत उतरले. जिथे सैनिक गेले तिथे त्यांच्यासोबत धर्मोपदेशकही गेले, आणि त्यांनी जागोजागी वसाहती उभ्या केल्या. या वसाहतींना 'मिशन' म्हणतात.

यातली बरीच मिशने फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूंनी चालविली. आपल्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे याच पंथाचे. फिलिपीन्स बेटांत मनिला येथे ते या पंथात दाखल झाले आणि १५९७ मध्ये जपानात नागासाकी येथे त्यांना क्रुसावर चढवून ठार मारण्यात आले. तेव्हा हा इतिहास वाटतो तितका परका नाही.

आज टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, जॉर्जिया या अमेरिकेतील राज्यांत त्या मिशनांच्या खुणा विखुरलेल्या आहेत. काही मिशने अजून डौलात उभी आहेत, काहींच्या नुसत्या भिंती उरल्या आहेत, आणि काहींची तर जागासुद्धा शेकडो वर्षे कुणाला सांगता येत नव्हती. हरवलेली मिशने लोकांनी कशी शोधली आणि पडकी कशी सांभाळली, ही हकिकत शेतकऱ्याला विशेष जवळची वाटेल. कारण तिच्यात राजवाडे आणि दागदागिने फार थोडे आहेत. माती, पाणी, नांगर, कुडाच्या भिंती आणि सारवण हेच जास्त आहे.

मिशन म्हणजे एक गावच

मिशन म्हटले की आपल्याला चर्च आठवते. पण ते नुसते चर्च नव्हते. मध्ये मोठे आवार, एका बाजूला चर्च आणि साधूंची निवासस्थाने, भोवताली तटबंदी, तटाला लागून रहिवाशांच्या खोल्या, धान्याचे कोठार, माग, लोहाराची आणि सुताराची शाळा, बाहेर बागायत आणि दूरवर गुरांचे रान, असा सगळा पसारा असे. दिवसाचे काम घंटेच्या ठोक्यावर चाले.

यात राहणारे लोक तिथलेच मूळ रहिवासी. टेक्सासच्या दक्षिण भागात ते लहान लहान टोळ्यांनी हिंडत, शिकार करीत, रानफळे, कंदमुळे आणि फड्या निवडुंगाची बोंडे खाऊन राहत. आज त्या सगळ्या टोळ्यांना मिळून कोआविल्तेकन म्हणतात. एका बाजूने अपाचे टोळ्यांचे हल्ले, दुसऱ्या बाजूने स्पॅनिशांबरोबर आलेल्या देवी-गोवरासारख्या साथी, आणि त्यातच उपासमार. अशा कात्रीत सापडलेले लोक मिशनाच्या तटाआड आले. तिथे धान्य मिळे, आसरा मिळे. पण त्याची किंमतही मोजावी लागे. नाव बदले, देव बदले, भाषा बदले. कुणी कंटाळून रानात पळून गेला तर सैनिक त्याला परत आणत. जवळ जवळ राहिल्याने साथीही झपाट्याने पसरत. १७३९ च्या साथीने सॅन अँटोनियो नदीकाठची मिशने जवळजवळ ओस पाडली.

तेव्हा या भिंती पाहताना दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. साधूंची जिद्द खरी होती, आणि ज्यांनी दगड वाहिले, विटा थापल्या त्यांनी सोसलेले दुःखही खरे होते.

सॅन अँटोनियोचा पाट

टेक्सास राज्यात सॅन अँटोनियो नावाचे मोठे शहर आहे. त्याच नावाच्या नदीच्या काठाने गेले की एकामागून एक पाच मिशने लागतात. पहिले १७१८ सालचे सॅन अँटोनियो दे व्हॅलेरो. पुढे १८३६ च्या लढाईमुळे ते 'अलामो' या नावाने जगभर गाजले. १७२० मध्ये सॅन होजे हे मिशन स्थापन झाले. कॉन्सेप्सियोन, सॅन हुआन आणि एस्पादा ही तीन मिशने आधी पूर्व टेक्सासमध्ये होती. तिथे जम बसेना म्हणून १७३१ मध्ये ती उचलून या नदीकाठी आणली.

पाच-पाच मिशने एकाच नदीला बिलगून का बसली? उत्तर साधे आहे. तिथे पाऊस बेभरवशाचा. शेती करायची तर पाटाचे पाणी हवे, आणि पाट काढायला उताराची नदी हवी. स्पेनमध्ये पाटाची विद्या जुनी होती. तिच्यावर अरबांच्या राजवटीचा मोठा ठसा होता. पाटाला ते 'असेकिया' म्हणतात आणि तो शब्दही मूळचा अरबीच. नदीवर जागोजागी बंधारे घालून येथे सात पाट काढले होते. त्यांची लांबी सुमारे २४ किलोमीटर होती आणि त्यांवर सुमारे ३,५०० एकर जमीन भिजत असे. मका, घेवडा, मिरची, भोपळा, कलिंगड, कापूस, ऊस अशी पिके निघत. मका आणि मिरची ही मूळची अमेरिकेचीच. तिकडूनच ती युरोपियनांच्या जहाजांतून आपल्याकडे आली आणि आपल्या भाकरी-ठेच्यात कायमची बसली.

पाण्याच्या वाटपाची रीत वाचली की आपल्या धुळे-नाशिक भागातील फड पद्धत आठवते. पांझरा-मोसमच्या काठी जसा बंधारा, बंधाऱ्यावरून पाट, पाटावर पाटकरी आणि ठरलेली पाळी, तसाच तिथेही बंदोबस्त होता. एका दिवसाच्या पाळीत जेवढी जमीन भिजेल तेवढ्या तुकड्याला 'सुएर्ते' म्हणत. या शब्दाचा अर्थ नशीब! कारण हे तुकडे चिठ्ठ्या टाकून वाटले जात. वरच्याला बरे आणि खालच्याला कोरडे असा तंटा होऊ नये, यासाठी ही तजवीज. पाट दरवर्षी सगळ्यांनी मिळून साफ करायचा. न्यू मेक्सिको राज्यात आजही कित्येक गावांत वसंत ऋतूत माणसे फावडी घेऊन पाट उपसायला जमतात आणि पाण्यावर देखरेख करणारा माणूस तेच निवडतात.

एस्पादा मिशनाजवळ या विद्येचा एक नमुना आजही पाहायला मिळतो. पाटाच्या वाटेत पिएद्रास नावाचा ओढा आडवा येतो. तो ओलांडून पाणी पलीकडे न्यायचे कसे? त्यांनी ओढ्यावर दोन कमानींचा दगडी पूल बांधला आणि पुलावरून माणसांऐवजी पाणी नेले. ओढ्याला पूर आला तर पुराचे पाणी कमानींखालून जाते आणि वरून पाट आपला शांत वाहतो. हे काम १७४५ च्या सुमारास पुरे झाले. पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, कितीतरी पूर येऊन गेले, पण तो पूल उभा आहे आणि त्यावरून पाणी वाहत आहे. या पाटावर शेतकऱ्यांची स्वतःची संस्था आहे. सॅन हुआन मिशनाच्या जुन्या शेतातही पाटाचे पाणी पुन्हा खेळविले आहे, आणि तिथे पिकणारा भाजीपाला शहरातील गरजूंना अन्न पुरविणाऱ्या संस्थेकडे जातो.

पडझड आणि सावरासावर

१७९३-९४ पासून सरकारने ही मिशने साधूंच्या हातून काढून घ्यायला सुरुवात केली. जमिनी तिथे राहिलेल्या कुटुंबांना वाटून दिल्या आणि १८२४ पर्यंत हा कारभार संपला. मग जे सगळीकडे होते तेच इथे झाले. माणूस गेला की घराला घरघर लागते. सॅन होजेच्या चर्चचा घुमट १८७० नंतरच्या काही वर्षांत कोसळला आणि १९२८ मध्ये मनोराही ढासळला. ज्या चर्चची नक्षीची खिडकी पाहायला दुरून माणसे येत, ते आता उघड्या आभाळाखाली आले.

पण या गावाचे नशीब असे की वेळोवेळी कुणी ना कुणी पुढे झाले. एस्पादाला फ्रान्सिस बुशू नावाचे फ्रान्समधून आलेले पाद्री १८५८ पासून १९०७ पर्यंत राहिले. त्यांनी स्वतःच्या हाताने दगड रचून चर्चच्या भिंती उभ्या केल्या. पुढे १९२४ मध्ये सॅन अँटोनियोतील काही स्त्रियांच्या पुढाकाराने जुन्या वास्तू राखणारी एक संस्था निघाली. सॅन होजेचे धान्याचे कोठार तोवर निरनिराळ्या मालकांकडे गेले होते. संस्थेने ते तुकड्यातुकड्याने विकत घेतले. सरकारकडे नुसते अर्ज करीत न बसता वर्गणी गोळा करून आधी जागा ताब्यात घ्यायची आणि मग दुरुस्तीला हात घालायचा, अशी या बायांची रीत. १९३७ मध्ये त्यांनी एस्पादाच्या त्या पाण्याच्या पुलाची जमीनही विकत घेतली. तेव्हा ती घेतली नसती तर आज तिथे काय असते कोण जाणे.

१९३० नंतरच्या मंदीच्या काळात सरकारने बेकारांना काम देण्यासाठी ज्या योजना काढल्या, त्यांतून सॅन होजेच्या तटाची आणि चर्चची डागडुजी झाली. आपल्या रोजगार हमीसारखाच हा प्रकार. १९७८ च्या कायद्याने अलामोखेरीज बाकीच्या चार मिशनांचे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान ठरविण्यात आले आणि २०१५ मध्ये पाचही मिशनांना युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्या यादीत फ्लोरेसव्हिल गावाजवळची एक पडकी जागाही आहे. 'रांचो दे लास काब्रास' म्हणजे शेळ्यांचे रान. एस्पादा मिशनाची गुरे तिथे असत. घोड्यावर बसून फास टाकणाऱ्या ज्या गुराख्यांनी पुढे टेक्सास प्रसिद्ध झाले, त्यांची कला अशा रानांतूनच आली.

लसूणघासाच्या शेतात सापडलेले मिशन

उभ्या भिंती सांभाळणे एक वेळ सोपे. पण ज्याचा ठावठिकाणाच नाही ते शोधायचे कसे? टेक्सासमधल्याच सॅन साबा मिशनाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

१७५७ मध्ये अपाचे लोकांसाठी सॅन साबा नदीकाठी एक मिशन उभारले. लाकडी मेढी, कुडाच्या भिंती आणि भोवती लाकडी कुंपण असे ते साधे बांधकाम होते. सैनिकांचे ठाणे तिथून काही किलोमीटर दूर, नदीच्या पलीकडे. अपाचे काही तिथे स्थायिक झालेच नाहीत. पण आपल्या शत्रूला स्पॅनिशांनी जवळ केले, याचा राग धरून कोमांची आणि त्यांच्या मित्र टोळ्यांचे सुमारे दोन हजार लोक १६ मार्च १७५८ रोजी चालून आले. दोन साधूंसह काही माणसे मारली गेली आणि मिशन जळून खाक झाले. जेमतेम वर्षभराचे ते आयुष्य.

ठाणे पुढे दगडात बांधले गेले, त्यामुळे त्याच्या भिंती उरल्या. मिशनाची जागा मात्र लोक विसरून गेले. मेनार्ड गावाच्या आसपास ते असले पाहिजे एवढे ठाऊक होते. कित्येकांनी शोध घेतला, पण हाती काही लागेना. शेवटी संशोधकांनी जुने दप्तर पुन्हा काढले. ठाण्यापासून अंतर किती, नदी कोणत्या बाजूला, वाट कोणती, जमिनीचे जुने नकाशे काय सांगतात, हे सारे ताडून पाहिले. आणि १९९३ मध्ये मेनार्डच्या पूर्वेला एका शेतात ते जाऊन पोहोचले. शेत होते लसूणघासाचे आणि ते नांगरलेले होते. नांगराने वर काढलेल्या मातीत भाजलेल्या चिखलाचे तुकडे आणि रंगीत चकाकीच्या स्पॅनिश भांड्यांच्या खापऱ्या दिसल्या. पुढे खोदकामात खिळे आणि बंदुकीच्या गोळ्याही मिळाल्या. दोनशे पस्तीस वर्षे जे कुणाला सापडले नव्हते, ते शेतातल्या खापऱ्यांनी सांगितले.

आगीने राखलेली माती

इथे एक मौज पाहण्यासारखी आहे. कुडाची भिंत पडली की दोन-चार पावसाळ्यांत मातीत मिसळून जाते, तिचे नाव राहत नाही. पण तीच भिंत जळाली तर? आतले लाकूड जळते, पण वरचा चिखल मात्र विटेसारखा भाजून निघतो. मग तो शेकडो वर्षे विरघळत नाही. ज्या आगीने मिशन नाहीसे केले, तिनेच त्याची निशाणी राखली.

हाच धागा धरून जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावरील सेंट कॅथरीन्स बेटावर दुसरे एक मिशन सापडले. सांता कातालिना दे ग्वाले हे त्याचे नाव. तिथल्या ग्वाले लोकांनी १५९७ मध्ये उठाव करून ते जाळले. काही वर्षांनी ते पुन्हा बांधले गेले. १६८० मध्ये इंग्रज आणि त्यांचे साथीदार चालून आले, तेव्हा ते कायमचे ओस पडले. नंतर बेटावर रान माजले.

न्यूयॉर्कच्या निसर्गइतिहास संग्रहालयाचे डेव्हिड हर्स्ट थॉमस यांनी १९७० नंतर या बेटाचा शोध हाती घेतला. सगळे बेट खोदणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी बेटाचे पट्टे आखून काही पट्टे चालून पाहिले, मग जिथे स्पॅनिश खापऱ्या जास्त मिळाल्या तिथे जमिनीत गिरमिटाने ठरावीक अंतरावर भोके घेतली. असे करीत करीत शोधाचा घेर आवळत आणला. शेवटी १९८१ मध्ये चुंबकमापक यंत्र फिरविले. मातीत लोहाचे बारीक कण असतात. माती चांगली भाजली की हे कण पृथ्वीच्या चुंबकशक्तीच्या दिशेने बसतात आणि तसेच राहतात. वीटभट्टीची जागा जशी यंत्राला ओळखू येते, तशी जळालेली भिंतही येते. यंत्राने खुणा दाखविल्या, तिथे थोडेथोडे उकरले, तर एका ठिकाणी चर्चची भिंत, एका ठिकाणी स्वयंपाकघर, एका ठिकाणी विहीर!

चर्चच्या जमिनीखाली चारशेहून अधिक माणसांची पुरणे निघाली आणि त्यांच्यासोबत हजारो मणी. ते ग्वाले लोक होते. नव्या देवाच्या पायाशी पुरले गेले, पण सोबत मणी मात्र आपल्या जुन्या रीतीप्रमाणे घेऊन गेले.

न्यू मेक्सिकोतील पेकोसची गोष्टही अशीच. तिथे एका फार मोठ्या चर्चचे वर्णन १६०० नंतरच्या कागदपत्रांत होते. पण डोळ्यांना दिसणारे पडके चर्च त्या मानाने लहान. लिहिणाऱ्याने वाढवून सांगितले असेल, असे बरेच जण समजत. १९६७ मध्ये त्या लहान चर्चखालीच मोठ्या चर्चचा पाया सापडला आणि जुना कागद खरा ठरला. १६८० मध्ये पुएब्लो लोकांनी एकजूट करून स्पॅनिशांना बारा वर्षे हाकलून लावले, त्या उठावात ते मोठे चर्च जाळले गेले होते. नंतर १७१७ च्या सुमारास त्याच जागी लहान चर्च उभे राहिले.

सोन्याच्या हावेने केलेला घात

शोध घेणारे सगळेच काही अभ्यासू नसतात. ॲरिझोनातील तुमाकाकोरी मिशन १८४८ मध्ये ओस पडले. अपाचेंचे हल्ले, त्यात कडक हिवाळा, म्हणून उरलेसुरले लोक देवाच्या मूर्ती उचलून उत्तरेला निघून गेले. पाठोपाठ आवई उठली की साधूंनी सोने पुरून ठेवले आहे. मग काय, रात्री-अपरात्री कुदळी घेऊन माणसे येऊ लागली. चर्चची जमीन उकरली, भिंतींना भोके पाडली. सोने कुणाला मिळाले नाही. पण थर उलथेपालथे झाले आणि अभ्यासाला उपयोगी पडल्या असत्या अशा कितीतरी खुणा गेल्या. १९०८ मध्ये ही जागा राष्ट्रीय स्मारक झाली, १९२१ मध्ये चर्चवर पुन्हा छप्पर चढले, तेव्हा कुठे भिंती वाचल्या.

आपल्याकडच्या पडक्या गढ्या आणि देवळे गुप्तधनाच्या पायी अशीच खणली जातात, हे कुणाला सांगायला नको. खापरीचा तुकडा ज्या थरात, ज्या जागी पडला आहे, तिथे तो बोलतो. उचलून घरी आणला की तो मुका होतो.

सिमेंट हरले, चिखल जिंकला

आता सांभाळण्याची गोष्ट. बायाबापड्यांनी ही मुद्दाम वाचावी.

न्यू मेक्सिकोत रांचोस दे ताओस नावाचे गाव आहे. तिथे सुमारे दोनशे वर्षांपूर्वी बांधलेले सॅन फ्रान्सिस्को दे आसीस हे चर्च आहे. भिंती उन्हात वाळविलेल्या कच्च्या विटांच्या, वर चिखल आणि काडाचा गिलावा. मागच्या बाजूला भिंतींना टेकलेले मातीचे जाडजूड धीरे, जणू बसलेले बैलच. मातीचा गिलावा पावसाने आणि बर्फाने झिजतो, म्हणून गावकरी तो वरचेवर नवा करीत. या कामात त्या भागात बायांचा हात मोठा. गिलावा करणाऱ्या बायांना तिथे वेगळे नावच आहे.

१९६७ मध्ये लोकांनी विचार केला की दरवर्षीची ही कटकट कशाला? एकदाच सिमेंटचा गिलावा करून टाकू. केला. चर्च झकास दिसू लागले. पण दहा-बारा वर्षांत आतून भिंती खचू लागल्याचे ध्यानात आले. मातीच्या भिंतीत जमिनीतली ओल चढतेच. मातीचा गिलावा असला तर ती ओल बाहेर पडून वाळते. सिमेंट तिला वाट देत नाही. शिवाय सिमेंटला बारीक भेगा पडल्या की पावसाचे पाणी आत शिरते आणि आतच कोंडते. ओल्या गोणीवर प्लॅस्टिक गुंडाळून ठेवले तर धान्याचे जे होईल, तेच कच्च्या विटांचे झाले. बाहेरून भिंत चकचकीत आणि आत चिखलाचा लगदा.

१९७९ मध्ये गावाने सिमेंट खरवडून काढले आणि पुन्हा चिखलाकडे वळले. तेव्हापासून दर उन्हाळ्यात, बहुधा जूनमध्ये, गावकरी जमतात. कुणी माती चाळतो, कुणी काड कापतो, कुणी तुडवतो, म्हातारी माणसे पोरांना हात कसा फिरवायचा ते शिकवतात. जेवणे तिथेच होतात. चर्चची भिंत राहते ती राहतेच, पण गावही एकत्र राहते. ज्या कामाला ते कटकट म्हणत होते, तीच खरी रखवाली होती.

ॲरिझोनात सॅन हाविएर देल बाक नावाचे एक देखणे पांढरे चर्च आहे. १७८३ ते १७९७ मध्ये ते बांधले गेले आणि तोहोनो ओओधम लोक आजही तिथे प्रार्थनेला जमतात. तिथेही सिमेंटने असाच त्रास दिला. मग दुरुस्ती करणाऱ्यांनी सिमेंट काढून चुन्याचा गिलावा केला आणि त्या चुन्यात फड्या निवडुंगाचा चिकट रस मिसळला. आपले जुने गवंडी चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालीत, तशातलीच ही युक्ती. हा निवडुंगही मूळचा अमेरिकेचा, तिथूनच आपल्या बांधावर आलेला. आतील चित्रे आणि मूर्ती साफ करण्यासाठी १९९२ पासून परदेशचे जाणकार आले, तेव्हा त्यांच्या हाताखाली त्याच जमातीची तरुण मुले तयार झाली. ज्यांची वास्तू, त्यांच्याच हाती विद्या राहिली.

हा वारसा कुणाचा?

हा प्रश्न तिकडे अजून मिटलेला नाही. कॅलिफोर्नियात १७६९ ते १८२३ या काळात २१ मिशने उभी राहिली. त्यांच्या बागा आणि कमानी पाहून प्रवासी खूष होतात. पण ज्यांचे पूर्वज तिथे साथींनी मेले, त्यांच्या वंशजांना तो देखावा सोसवत नाही. सॅन अँटोनियोतही मिशनांत राहिलेल्या कुटुंबांचे वंशज आहेत. आमच्या पूर्वजांची हाडे जपून ठेवा, त्यांची विटंबना नको, असे ते सांगत आले आहेत. त्यांची मूळ बोली बोलणारे कुणी राहिले नाही. बार्तोलोमे गार्सिया या साधूने १७६० मध्ये धर्मविधींसाठी त्या बोलीत एक पुस्तिका छापली होती. आज त्या भाषेचा सर्वांत मोठा ठेवा तोच.

१९९० मध्ये अमेरिकेत कायदा झाला, की संग्रहालयांनी मूळ रहिवाशांच्या पूर्वजांचे अवशेष त्यांच्या वंशजांना परत द्यावेत. पेकोसचे शेवटचे रहिवासी १८३८ मध्ये गाव सोडून आपल्या भाषाबंधूंकडे, जेमेझ येथे गेले होते. पुढे १९१५ नंतरच्या उत्खननात त्यांच्या पूर्वजांची हाडे काढून दूरच्या संग्रहालयांत नेली गेली. १९९९ मध्ये ती परत आली. सुमारे १,९०० जणांचे ते अवशेष. जेमेझचे लोक, त्यांत म्हातारे आणि मुलेही, दिवसच्या दिवस पायी चालत पेकोसला गेले आणि त्यांनी आपल्या माणसांना पुन्हा मातीत ठेवले.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द

हल्ली पुष्कळ घरांतील मुलगा-सून किंवा लेक-जावई ह्यूस्टन वा ऑस्टिनला असतात आणि आईवडील दोन-चार महिने तिकडे जाऊन येतात. ऑस्टिनहून सॅन अँटोनियो मोटारीने दीड-दोन तासांवर आहे. अलामो सगळेच दाखवितात. पण तेवढ्यावर न थांबता नदीकाठाने दक्षिणेला जावे. सॅन होजेचे कोठार पाहावे, सॅन हुआनचे शेत पाहावे आणि एस्पादाच्या पुलाशी थोडे थांबावे. या चार मिशनांच्या उद्यानात प्रवेशाला पैसे पडत नाहीत. चर्चे अजून चालू आहेत, रविवारी प्रार्थना होते, तेव्हा तिथे आपल्या देवळात वागतो तसेच वागावे. पडक्या भिंतींवर चढू नये, खापरीचा तुकडाही उचलू नये.

आणि ज्यांना जाणे होणार नाही, त्यांनी आपल्याच शिवाराकडे पाहावे. नांगराला कोरीव दगड, जुनी नाणी किंवा खापऱ्यांचा ढीग लागला तर काम तिथे थांबवावे, जागा नीट ध्यानात ठेवावी आणि सरकारला कळवावे. पुरलेले धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळविण्याचा आपल्याकडे १८७८ पासून कायदाच आहे. मातीचे घर असेल तर त्याच्या भिंतीला सिमेंट लावण्यापूर्वी गावातल्या जुन्या गवंड्याला आणि घरातल्या आजीला एकदा जरूर विचारावे. काड किती, शेण किती, माती कोणत्या खाणीची, हे त्यांच्या हातात आहे. तो हात आहे तोवर शिकून घेतलेले बरे.